आप्पांची पथरी

आमच्या आप्पांच्या घरात वस्तरे इतके होते की गावजेवणाला आलेल्या सगळ्या पुरुषांची दाढी एका पंगतीत उरकली असती. खुद्द आप्पांची दाढी मात्र छातीवर रुळायची. चिंचणीत नवीन आलेला माणूस हे बघून आधी गोंधळायचा, मग हसायचा, आणि तो हसत असतानाच आप्पा त्याची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड उजेडाकडे वळवायचे. नाव-गाव नंतर, आधी गालांची तपासणी. "तुमचा वस्तरा टाचेला खातो," ते सांगायचे. टाच म्हणजे पात्याचा मुठीजवळचा भाग. "जोर सगळा सुरवातीला, मग कंटाळा. घरात बायको काय म्हनते?" आणि त्या बिचाऱ्याची बायकोही नेमकं तेच म्हणत असे, निदान आप्पांची तरी तशी खात्री असे.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, आणि आप्पांनी अन् काकीने मला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे लाडही माझेच आणि धपाटेही माझेच. वाडीत नारळ होते, पानवेली होत्या. वाडीकडे गडी बघत, गड्यांकडे काकी बघे, आणि आप्पा पडवीत चटईवर बसून वस्तऱ्यांकडे बघत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणारी माणसं उतरू लागली होती, आणि पुरुषमंडळी वस्तरा सोडून ब्लेडच्या यंत्राकडे वळली होती. आप्पा त्या यंत्राला खवणी म्हणत. "खोबऱ्याला बरी हाय," एवढंच त्यांचं मत. पण त्या खवणीने त्यांचा फायदाच केला. घराघरांतले जुने विलायती वस्तरे अडगळीत गेले आणि अडगळीतून आप्पांकडे आले. पारशी बागायतदारांचे आले, दांडीच्या, मचवे हाकणाऱ्या तांडेलांचे आले, एक तर कुठल्याशा स्टेशनमास्तरच्या सासऱ्याचा आला.

जुना वस्तरा कधी सारखा झिजत नाही. कुणाची टाच झिजते, कुणाचं टोक. एखाद्या पात्याला पोट सुटतं, एखादं मधेच खपाटीला जातं. कुणी पाठीचं एकच अंग रेटून रेटून अशी दशा करून ठेवतो की पातं दगडावर ठेवलं की होडीसारखं डुलतं. अशा वस्तऱ्याला नुसती धार लावून भागत नाही, आधी त्याची समजूत काढावी लागते, असं आप्पा म्हणत आणि खरोखरच त्याच्याशी बोलत बसत. "टाच खाली घे, बाबा. आता टोक. हां. घाई नाय, कुनाचं लगीन नाय आज."

ही समजूत काढणं चाले पथरीवर. न्हावी ज्या गुळगुळीत दगडावर वस्तऱ्याला धार लावतात ती पथरी. मुतखड्यालाही आपल्याकडे पथरीच म्हणतात ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या ध्यानातच नव्हती, आणि ह्या एका शब्दापायी माझं लग्न मोडायची वेळ आली. ते येईलच पुढे.

पातं दगडाला कुठे टेकतं आणि कुठे टेकत नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आप्पा धारेला काजळ लावत. मग पातं पथरीवरून हलक्या हाताने एकदाच ओढायचं. दगड लागला तिथलं काजळ पुसलं जाऊन दगडावर काळी रेघ उमटते. पात्यावर जिथे काजळ तसंच राहतं, तिथे खळगा. काकी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची ती माझ्या डोळ्यांसाठी, पण डबी सदा आप्पांच्या चटईखाली. कित्येकदा मी भुंड्या डोळ्यांनी शाळेत शिकवायला गेले आहे. काकीने जेवायला हाक मारली की आतबाहेर ठरलेला संवाद व्हायचा. कुठवर आलं, असं ती विचारायची, आणि आप्पा म्हणायचे, "मधे काजळ राहिलंय." म्हणजे काम बाकी आहे, भात झाकून ठेव.

धार लागली की परीक्षेला माझा केस. मला न विचारता तो उपटायचा, हवेत धरायचा आणि त्यावर पातं टेकवायचं. केस अलगद तुटून पडला की आप्पा असे काही खूश होत की माझं ओरडायचं राहून जाई. लांब केसांची मुलगी घरात असावी, तिचा फार उपयोग होतो, असं ते आल्यागेल्याला सांगत. मी टकली व्हायच्या आत माझं लग्न करा, असं मी काकीला सांगत असे.

आता त्यांच्या दाढीचं सांगते. घरात माझ्या आजोबांचा एक वस्तरा होता. आजोबा त्याने दाढी करत आणि दाढी झाली की त्याच्याच मधल्या धारेने विड्याच्या पानांचे देठ कापत. पानवेलींच्या वाडीत देठांना काय तोटा! पातं मधोमध झिजून आत गेलं होतं. आणि आमच्या घरचा रिवाज असा की घरच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची दाढी ह्याच वस्तऱ्याने व्हायची. माझ्या आत्याचं लग्न ठरलं तेव्हा वस्तरा लावायचं काम तरुण आप्पांनी हौसेने अंगावर घेतलं. टाच लागली, टोक लागलं, मधल्या खळग्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. आत्याचे यजमान बोहल्यावर उभे राहिले ते दोन्ही गालांना वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून. विहीणबाईंनी अपशकुन म्हणून तोंड फिरवलं, आणि आत्याला सासरी त्यावरून वर्षानुवर्षं टोमणे खावे लागले.

आप्पांनी त्याच मांडवात जाहीर केलं की हा वस्तरा नीट लागेपर्यंत माझ्या गालाला पातं लागणार नाही, आणि घरातली पुढची मुलगी त्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. पुढची मुलगी म्हणजे मी. मी तेव्हा जन्मायची होते, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही. काकी तर पुढे आप्पांच्या दाढीशीच लग्न लावून घरात आली. आणि आप्पा हात बसावा म्हणून दुनियेच्या वस्तऱ्यांवर सराव करत राहिले. बापाचा वस्तरा मात्र कापडात गुंडाळून देवघराच्या फळीवर होता. त्याला हात लावायचा त्यांना धीर होत नव्हता.

मधुकर बोईसरला बांधकामावर नकाशे काढायच्या नोकरीत होता. घर पालघरला, कामासाठी बोईसरला खोली. वारलेल्या वडिलांचा वस्तरा घेऊन तो आमच्या पडवीत आला. आप्पांनी वस्तरा लावून दिला, मी पाणी दिलं. थोड्याच दिवसांत वस्तरा पुन्हा बोथट, आणि मधुकर पुन्हा पडवीत. ह्या वेळी मी चहा दिला. मग तो वस्तरा इतक्या वेळा बोथट झाला की मला पोहे, शिरा, खोबऱ्याच्या वड्या सगळं करून झालं. शेवटी आप्पांनी भिंग काढलं आणि धार निरखली.

"शिसं लागलंय," ते म्हणाले. "ह्यानं पेन्सिली तासल्यात."

मधुकर कानापर्यंत लाल झाला आणि कबूल झाला. मग आप्पांनी त्याची अशी बिनपाण्याने केली की गडी माडावरून उतरून ऐकायला आले. बापाच्या वस्तऱ्याने पेन्सिल तासणाऱ्याला कुठल्या नरकात कुठली शिक्षा मिळते, ह्याचं सविस्तर वर्णन झालं. एवढं करून आप्पा आत आले, आणि काकीला हळूच म्हणाले, "पोरगा चांगली धार आपल्या हातानं मोडतो, नुसतं परत यायला मिळावं म्हनून. आपल्या शालूला हाच." मी दाराआड होते. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि कुणीही तक्रार केली नाही.

मधुकरच्या आई, माई, येऊन मला बघून गेल्या. पालघरात त्यांचा दरारा होता. कमी बोलत, पण बोलल्या की ते झालंच समजायचं. मी त्यांना पसंत पडले. तारखेचं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले की घरचं एक काम आहे, ते उरकलं की लगेच. माई गेल्या, आप्पांनी अंघोळ केली, नमस्कार केला आणि आजोबांचा वस्तरा फळीवरून खाली काढला.

काम नाजूक होतं हे मला माहीत होतं. मधला खळगा वर उचलता येत नाही, म्हणून टाच आणि टोक त्याच्या पातळीला खाली आणायचं. घाई केली तर पोलाद फुकट जातं. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. रोज मी शाळेतून येऊन विचारायची आणि रोज तेच उत्तर. मधे काजळ राहिलंय. मधुकर रविवारी यायचा, आप्पांच्या शेजारी बसून पात्याकडे माझ्याहून जास्त आशेने बघायचा. त्याला आता वस्तरा बोथट करायची गरज उरली नव्हती, तरी चेहऱ्यावर बोथटपणा आलाच होता.

तिकडे पालघरला चुळबूळ सुरू झाली. आप्पा तेव्हा वस्तरा बाजूला ठेवून पथरीच दुरुस्त करत बसले होते, म्हणून काकीने एका शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला की पथरीमुळे अडलंय, ती नीट झाली की तारीख धरू. शेजाऱ्याने तो जसाच्या तसा पोचवला. माई हळहळल्या. एवढा धडधाकट माणूस आणि पथरी! लगेच त्यांच्याकडून कुळथाचं गाठोडं आलं, मागोमाग पानफुटीची रोपं. मुतखड्यावर ही दोन्ही औषधं आपल्याकडे घरोघर सांगतात, पण आमच्याकडे सगळ्यांनी ती शकुनाची भेट समजली. आप्पांनी कुळथाचं पिठलं चाटूनपुसून खाल्लं, विहीणबाई मोठ्या मनाच्या आहेत असं म्हणाले, आणि पानफुटी पडवीच्या कडेने लावली. मधुकरला सगळं ठाऊक होतं. पण लग्न वस्तऱ्यासाठी अडलंय असं कळलं तर आई स्थळच मोडेल, त्यापेक्षा मुतखडा बरा, असा विचार करून तो गप्प बसला. मलाही त्याने हे नंतर सांगितलं.

माघात एका रविवारी माई स्वतःच आजाऱ्याला बघायला आल्या. मधुकर मागे, वधस्तंभाकडे नेल्यासारखा. आप्पा पडवीत बसून दाढीला खोबरेल चोळत होते. माईंनी टेकता टेकताच विचारलं, "कशी आहे आता पथरी?"

"झकास," आप्पा म्हणाले. "मधे खोलगट झालती. घासून सपाट केली."

माई जरा थबकल्या. त्रास होतो का, दुखतं का, असं त्यांनी जपून विचारलं.

"मना कशाला दुखल? दुखलं ते आमच्या दाजींना."

माईंनी माझ्याकडे बघितलं. मी पानफुटीकडे बघितलं. भरपूर पाणी पीत चला, असं माईंनी सुचवलं. आप्पांनी मान डोलावली. पाणी तर लागतंच, ते म्हणाले, पाण्याशिवाय पथरी चालतच नाही, रोज सकाळी तांब्याभर ओततो.

"मग पडली का?"

"एकदा पडली, हातातनं. दोन तुकडे झाले. मोटा तुकडा ठेवलाय मी. बगायची हाय?"

माई नको म्हणायच्या आत आप्पांनी भिंतीलगतचं फडकं सोडलं आणि विटेएवढी पथरी त्यांच्या मांडीवर ठेवली. माईंनी ती दोन्ही हातांनी धरली. आधी पथरीकडे बघितलं, मग आप्पांकडे, म्हणजे नेमकं जिथून ती पडली असावी असा त्यांचा समज होता तिकडे. काकी पदर तोंडात कोंबून आत पळाली. मधुकरने डोळे मिटून घेतले होते.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही, आणि उलगडा झाल्यावर माईंचा आवाज चढलाही नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. एका वस्तऱ्यासाठी आपला मुलगा इतके महिने ताटकळला, आपण देवाला नवस बोललो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "तारीख आज धरायची. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

मधुकरने आई म्हणून हाक मारली, ती त्यांनी ऐकलीच नाही.

"कशी धरू?" आप्पा म्हणाले, आणि वस्तरा उघडून पुढे केला. "हे बगा. सकाळीच वढून बगितला. मधे काजळ राहिलंय."

सगळ्यांबरोबर मीही वाकून बघितलं. पात्याच्या मधोमध काळा पट्टा होता, चांगला ठसठशीत. मग माझी नजर माईंच्या मांडीवरच्या पथरीकडे गेली. आप्पा पथरी धूत ते संध्याकाळी, काम संपवताना. सकाळी पातं ओढलं असतं तर तिच्यावर काळी रेघ हवी होती. पथरी लख्ख होती.

मी आप्पांच्या हातातून वस्तरा घेतला आणि पदराने पुसला. त्या दिवशी नेमकी चटईखालून डबी काढून मी डोळ्यांत काजळ घातलं होतं. डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, धारेला टाचेपासून टोकापर्यंत लावलं, आणि पातं पथरीवरून एकदा ओढलं. जन्मभर बघून बघून हाताला ते पाठ होतं. दगडावर सलग काळी रेघ उमटली. पात्यावर कुठेच काही राहिलं नव्हतं.

"आप्पा, कधीपासून लागलाय?"

आप्पा माडाच्या शेंड्याकडे बघत होते. "गनपतीपासनं."

म्हणजे गणपतीपासून हा माणूस रोज सकाळी सरळ लागलेलं पातं बघत होता आणि मग बोटाने मधोमध काजळ भरून ठेवत होता. मी गेले की पडवीत केस उपटायला कोण, काजळाची डबी कुणाची पळवायची! मला हसू आलं आणि हसतानाच रडू आलं. आयुष्यात माझ्यावर कुणी इतकं वेड्यासारखं प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी मधुकरच्या देखत लिहिते आहे.

तेवढ्यात मधुकर हळूच म्हणाला, "आप्पा, मी निदान शिसं तरी खरं लावलं होतं."

सगळ्यात आधी माई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पथरी मांडीवरून खाली ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, मुलगी बोईसरला जाते आहे, विलायतेला नाही. एसटी आहे." मग पुन्हा पहिल्यासारख्या गंभीर होऊन त्यांनी आप्पांना पाट दाखवला. वस्तरा लागलाय ना, मग आधी तुमची दाढी, माझ्या मुलाच्या गालाला लावण्याआधी मला बघू दे.

काकीने कात्रीने वरचं रान तोडलं. मधुकरने आरसा धरला. आप्पांनी साबणाचा फेस केला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि बापाचं नाव घेऊन गालाला लावला. पानावर पाणी ओघळावं तसा तो उतरत गेला. रक्ताचा टिपूस नाही. दाढीखालून जे निघालं ते गोरंपान वाटोळं तोंड होतं, आणि त्याला हनुवटी अशी जवळजवळ नव्हतीच. काकी बघतच राहिली. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं तोंड ती आत्ता बघत होती.

"मना वाटलेलं," ती म्हणाली, "खाली हनुवटी असल."

आणि ती जी हसायला लागली ती खांबाला धरून खालीच बसली. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आरशात बघत होते. "बाबा हायत," ते पुटपुटले. गाल आजोबांचे होते, हे मग आम्हालाही दिसलं.

लग्न फाल्गुनात झालं. मधुकरची दाढी झाल्यावर माईंनी भर मांडवात त्याच्या दोन्ही गालांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. तेव्हा आत्याचे यजमान, आता पिकल्या मिशांचे, गर्दीतून उठले, "आता माझी," म्हणाले आणि पाटावर बसले. आत्या शेजारी उभी राहून एकेक फेरा बघत होती. झाल्यावर तिने आपल्या हाताने त्यांचा गाल पुसला. आप्पा दिवसभर तिच्या मागेपुढेच करत होते.

निघायच्या वेळी आप्पांचा हात सारखा दाढी कुरवाळायला वर जाई आणि रिकामाच परत येई. मोटारीशी त्यांनी खिशातून काजळाची डबी काढली. मला वाटलं, मला देतायत. त्यांनी बोट बुडवलं, माझ्या गालाला तीट लावली, आणि मागे सरून ती वस्तरा बघावा तशी बघितली.

"पुसू नको," ते म्हणाले. "काजळ राहिलं म्हंजे काम बाकी हाय. यायला लागल."

पुढच्या रविवारी मी पहिल्या एसटीने चिंचणीला गेले. उतरायच्या आधी गालाला पुन्हा काजळ लावून घेतलं. आप्पा पडवीत होते. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, नीट निरखलं आणि आत काकीला ओरडून सांगितलं की मधे काजळ राहिलंय, भात जास्त टाक.